अवंतिकेचा चार्ट तरी लागतो

पत्र:

काकू, नमस्कार. आम्ही रामबागेत राहतो. यंदा माझी बारावी झाली. राऊच्या आयआयएममधल्या आयपीएमसाठी, म्हणजे बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या मॅनेजमेंट कोर्ससाठी, परीक्षा दिली, इंटरव्ह्यू झाला आणि निकालात आलं, वेटलिस्ट, जनरल, ४७. त्याला आज सोळा दिवस झाले. खंडवा रोडवर युनिव्हर्सिटीच्या आयआयपीएसमध्ये पाच वर्षांच्या एमबीएला माझा नंबर लागतोय. बाबा म्हणतात, फी भरून टाक, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको. पण तिथली फी भरली की राऊवर आपणच पाणी सोडलं असं होईल, असं वाटतं. आईनं खजराण्याच्या गणपतीला नवस म्हणून उलटा स्वस्तिक काढलाय. आजी रोज पूजा उरकली की विचारते, "लागला का गं नंबर?" न्यू जर्सीची मावशी सांगते, त्यांना पत्र लिहून कळव की मला अजूनही तिथेच यायचंय, तिच्या मुलीचं तसंच काम झालं. बाबांच्या ऑफिसातल्या एकाची "आत ओळख" आहे म्हणे. क्लासमधल्या मैत्रिणीला थेट मिळालं. तिच्या स्टोऱ्या मी म्यूट केल्यात आणि त्याचीही लाज वाटते. पहाटे चारला जाग येते, मेल बघते, मग झोप नाही. एक वर्ष ड्रॉप घेऊन परत परीक्षा देऊ का?
टांगणीला लागलेली, इंदूर

उत्तर:

बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि आधी पेन्सिल शोधली. सवय जात नाही. नोकरीची एकतीस वर्षं मी एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. खिडकीबाहेर तुझ्यासारखी मुलं आणि त्यांचे बाबा, आत मी आणि एक लांबलचक रजिस्टर. डावीकडच्या पानावर निवड झालेले, उजवीकडच्या पानावर प्रतीक्षा यादी. डावीकडचं कुणी टीसी परत मागायला आलं की त्याच्या नावावर लाल शाईची रेघ मारायची आणि उजव्या पानावरची लाकडी पट्टी एक ओळ खाली सरकवायची. एवढंच. ज्या सरकण्यासाठी कुणाच्या घरी देव पाण्यात घातलेले असायचे, ते आत बसलेल्या बाईसाठी चहाच्या दोन घोटांमधलं काम होतं. हे तुला आधीच सांगते, कारण सोळा दिवस तू त्या यादीचा अर्थ लावत बसली असशील. आपल्यात काय कमी पडलं, इंटरव्ह्यूत कुठे अडखळले, त्या सरांनी मान का हलवली. डाव्या पानावरचं नाव कटतं ते उजव्या पानावरच्या मुलीकडे बघून नाही कटत. ते कटतं कारण त्या मुलाला दिल्लीत मनासारखं कॉलेज मिळालं, किंवा क्लॅटमधून लॉला नंबर लागला, किंवा घरच्यांना फी झेपेना, किंवा आईला मुलगा इतक्या लांब पाठवायचा नव्हता. वरच्या नंबरांची मुलं चार-चार ठिकाणी नाव लावून बसलेली असतात. एकेका ठिकाणचा निकाल लागतो तशा जागा सुटतात. म्हणून यादी दोन आठवडे ढिम्म हलत नाही आणि मग एका दुपारी पंधरा नंबर पुढे जाते.

आता पेन्सिलीचं काम. आयपीएमच्या जागा दीडशेच्या आसपास. आरक्षणाचे ठरलेले हिस्से वजा केले की खुल्या वर्गाच्या वाट्याला साठ-एकसष्ट येतात, आणि तुझा ४७ हा त्याच यादीतला. ओबीसी, एससी, एसटी, ईडब्ल्यूएस यांच्या याद्या वेगळ्या चालतात, तिथल्या हालचालीचा तुझ्याशी संबंध नाही. तू मनात काय हिशेब मांडला असशील ते मला ठाऊक आहे: एकसष्टांतल्या सत्तेचाळीस जणांनी सोडलं तर मला, म्हणजे कसलं मिळतंय. खिडकीबाहेरचा प्रत्येक बाप हाच हिशेब मांडून यायचा. तो चुकीचा आहे. तुझ्यापुढे एकसष्ट निवडलेले आणि वेटिंगवरचे सेहेचाळीस, असे एकशेसात जण आहेत. वेटिंगवरच्यांनीही बाकीकडे नावं लावलीच आहेत. त्यांना बोलावणं आलं आणि त्यांनी नको म्हटलं, तरी तुझी पट्टी सरकते. म्हणजे एकशेसातांतून सत्तेचाळीस नकार हवेत. दहांत साडेचार. हे सोपं आहे असं मी म्हणत नाही, अशक्य तर मुळीच नाही. आणि याहून नेमकं कुणीही सांगू शकत नाही. "गेल्या वर्षी शंभरापर्यंत गेली होती" असं तुला जो कुणी सांगेल, त्याला मान डोलाव आणि विसरून जा. गेल्या वर्षीची मुलं वेगळी होती.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत वेटिंगचं सगळं शहाणपण अवंतिका एक्स्प्रेसमधून येतं. "चाळीस म्हणजे होतंच गं, मागच्या दिवाळीला आमचं बावन्न होतं, बोरिवलीपर्यंत झोपून गेलो." तुझ्या घरातही कुणीतरी हे म्हटलं असणार, पैजेवर सांगते. पण गाडीच्या वेटिंगला एक फार मोठी सोय आहे. चार्ट लागतो. चार्ट लागला की संपलं: मिळालं तर मिळालं, नाही तर ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात. माणूस बॅग उचलून घरी येतो, दोन शिव्या देतो, दुसऱ्या दिवशी बसनं जातो. आरएसी असेल तर अर्धी का होईना, बूड टेकायला जागा मिळते. कॉलेजच्या वेटिंगला आरएसी नाही आणि चार्ट कधी लागणार हे तुला कुणी छातीठोक सांगणार नाही. तिथले वर्ग सुरू झाल्यावरही एखादा मुलगा निघून जातो आणि एखादी जागा उघडते. म्हणून हे भिजत घोंगडं राहतं, आणि नुसत्या नकारापेक्षा ते जास्त छळतं. तुझी चारची जाग त्या घोंगड्याची आहे, बाळा, तुझ्या कमकुवतपणाची नव्हे. शिवाय तुझ्या बाबतीत ते कॉलेज आपल्याच गावात. पुण्या-मुंबईचं असतं तर डोळ्यांआड तरी राहिलं असतं. इथे पावसाळ्यात पाताळपाणीला निघालं की राऊ आलं रे आलं, गाडीतला कुणीतरी बोट दाखवतो, "त्या बाजूला आयआयएम."

तुझा चार्ट तुलाच लावायचाय. कसा ते सांगते, पण त्याआधी माझी एक गोष्ट ऐक. सल्ला देणाऱ्या बाईनं स्वतः काय दिवे लावले होते हे तुला कळलेलं बरं.

१९७९ सालची गोष्ट. मीही एका यादीवर होते. कॉलेज परगावचं होतं, नाव काय करायचंय. यादी बाहेरच्या फळ्यावर खळ लावून चिकटवलेली. पाऊस वळचणीतून आत आलेला, त्यामुळे टाइप केलेली अक्षरं जांभळी होऊन पसरलेली. खालून तिसऱ्या ओळीत "प्रतीक्षा क्र. ३" आणि पुढे माझं नाव, आडनावाची वेलांटी चुकलेली. मी त्यावर बोट ठेवलं तर बोटाला शाई लागली. बाबा म्हणाले, "तीनच तर आहे, आलंच समज." मग सगळा जुलै मी आमच्या वाड्याच्या ओट्यावर बसून काढला. पोस्टमन बोळाच्या तोंडाशी सायकल टेकवायचा ते ओट्यावरून दिसायचं. पिशवीत हात घालायचा आणि शेजारच्यांकडे वळायचा. इथल्या कॉलेजचा फॉर्म घरात भरून ठेवलेला होता, बाबांची सही व्हायची होती. "दोन दिवस थांबू." असे दोन-दोन दिवस करता करता इथली शेवटची तारीख गेली. तिकडे दोन नंबरपर्यंत यादी आली आणि थांबली. तीन राहिला.

ते वर्ष मी घरी होते. टायपिंग शिकले, आजीचे पाय चेपले, नात्यातल्या चार लग्नांत पंगती वाढल्या. पुढे त्या टायपिंगवरच खिडकीतली नोकरी लागली, पण म्हणून ते वर्ष वाया गेलं नाही असं काही मी म्हणणार नाही. गेलंच ते. आणि वाट बघितली म्हणून नाही गेलं. वाट बघताना दुसरं काहीच करायचं नसतं, अशी आमच्या घराची समजूत होती, म्हणून गेलं. दुसरीकडे फॉर्म टाकला तर पहिलीकडचं रुसून जाईल, असं काहीतरी. तुझ्या पत्रात तेच वाक्य आहे. "राऊवर आपणच पाणी सोडलं असं होईल." अगं, राऊला कळणारसुद्धा नाही! तू खंडवा रोडला फी भरलीस म्हणून तिथल्या कॉम्प्युटरात ४७ चा ४८ होत नाही. यादीत नाव असणं हे एक काम आणि वाट बघत बसणं हे दुसरं. पहिल्याला तुझे कागद, पैसे आणि चालू फोन लागतो. दुसऱ्याचा यादीला काडीचा उपयोग नाही, ते फक्त तुला खातं.

तेव्हा आयआयपीएसची फी भर. बाबांचं म्हणणं बरोबर आहे, म्हण तेवढी बाजूला ठेवू. पैसे बुडतील ही भीती असेल तर ऐक: यूजीसीनं २०१८ साली काढलेल्या नियमाप्रमाणे विद्यापीठांना आणि कॉलेजांना तुझी मूळ मार्कशीट-टीसी अडकवून ठेवता येत नाही, आणि प्रवेश रद्द केलास तर फी परत द्यावी लागते. प्रवेशाची जाहीर केलेली शेवटची तारीख यायच्या पंधरा दिवस आधीपर्यंत रद्द केलंस तर किरकोळ कापून जवळजवळ सगळी फी मिळते. तिथून पुढे टप्प्याटप्प्यानं रक्कम कमी होत जाते, आणि ती तारीख उलटून तीस दिवस झाले की हात हलवत यायचं. अलीकडच्या काही वर्षांत यूजीसीनं त्या-त्या वर्षापुरत्या याहून सैल तारखाही जाहीर केल्यात. तुझ्या पावतीबरोबर यंदाची तारीख विचारून घे आणि पावतीच्या मागेच लिहून ठेव. मोबाइलमध्ये नको, तिथे तू फक्त मेल बघतेस.

आणि फी भरलीस की तिथे पाहुणी म्हणून जाऊ नको. खिडकीतून मी अशी मुलं दर वर्षी बघायची. नाव आमच्याकडे, जीव दुसरीकडे. मागच्या बाकावर बसणार, आयकार्डाला फोटो देणार नाहीत, मैत्री करणार नाहीत, "मी इथे थोडेच दिवस आहे" असं सांगत फिरणार. यादी हलायची नाही. मग ऑक्टोबरात त्यांच्या लक्षात यायचं की आपण इथेच आहोत आणि आपल्याला कुणी ओळखत नाही. आयआयपीएस काही कालचं दुकान नाही. १९९२ पासून चालू आहे, आणि तिथले वर्ग भरायला लागतील तेव्हा तुझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचाही कुठेतरी एखादा ४७ असणार. विचारून बघ.

तर चार्ट. वर्ग सुरू व्हायचा दिवस हा तुझा चार्ट. त्या दिवसापर्यंत तू मेल बघ, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्या दिवसापासून मेल बघणं बाबांकडे. पासवर्ड त्यांना दे, त्यांच्या फोनवर ते खातं चालू कर. यादीतून नाव काढायचं नाही, उद्या बोलावणं आलं तर जायचं, खुशाल इथला प्रवेश रद्द करून जायचं. फक्त वाट बघण्याची ड्युटी तुझी नाही. पहाटे चारला तर आत्तापासूनच नको, कारण पहाटे चारला कुठलंही ऑफिस कुणाला मेल पाठवत नाही, हे मी ऑफिसात आयुष्य घालवलेली बाई सांगतेय. फोन रात्री आजीच्या खोलीत चार्जिंगला लाव.

बोलावणं आलंच तर मुदत फार नसते. चार-सहा दिवसांत हो म्हणून पहिला हप्ता भरायचा असतो, आणि घोडं नेमकं इथे अडतं. आमच्याकडे तर फोन लावायची पद्धत होती. दोनदा लावायचा, नाही लागला तर पुढचा नंबर. एका मुलाचे वडील आठवतात, शेतावर होते, फोन शेजाऱ्यांचा, शेजारी लग्नाला गेलेले. ते चौथ्या दिवशी आले तेव्हा पट्टी त्यांच्या मुलाच्या नावाखाली गेलेली होती. रागावले नाहीत. "बरं," म्हणाले, टोपी काढली आणि परत घातली. मला तो आवाज अजून ऐकू येतो. म्हणून फॉर्मवर दिलेला नंबर चालू आहे ना, रिचार्ज संपलेलं नाही ना, मेल स्पॅममध्ये तर जात नाही ना, हे आज बघ. आणि पैशाचं बाबांशी आजच बोल. राऊची फी लाखांत आहे, कर्ज लागणार असेल तर बँक चार दिवसांत हलत नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज कसा भरायचा, बाबांच्या पगाराचे आणि आयकराचे कोणते कागद लागतात, बँकेतल्या माणसाचं नाव काय, एवढं आत्ता झालं तर उद्या धावपळ होणार नाही. दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, फोटो एका प्लॅस्टिकच्या फाइलीत. पावसाळा आहे.

मावशीचं पत्र. ती खोटं सांगत नाहीये, पण ती तिकडचं सांगतेय. अमेरिकेतल्या पुष्कळ कॉलेजांत वेटलिस्टला नंबरच नसतो. १ मेपर्यंत निवडलेल्या मुलांनी हो-नाही कळवायचं, मग कॉलेज बघतं की कुठे किती जागा राहिल्या, कुठल्या विषयाला मुलं कमी पडली, आणि त्या गठ्ठ्यातून माणसं निवडतं. तिथे "मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय, बोलावलंत तर नक्की येईन" अशा पत्राला काही कॉलेजांत वजन असतं. काही कॉलेजं तर स्पष्ट सांगतात, काही पाठवू नका. तुझ्या मावसबहिणीचं झालं, छान झालं. इथे परीक्षा आणि इंटरव्ह्यूचे गुण मिळून नंबर पडतो आणि यादी नंबरानं सरकते. तू पत्र लिहिलंस तर एखादा सभ्य माणूस "नियमाप्रमाणे कळवू" असं उत्तर देईल, आणि त्या उत्तराच्या चार ओळींत तू आठ दिवस अर्थ शोधत बसशील. नको. मावशीला प्रेमानं सांग, इकडे पत्र चालत नाही.

"आत ओळख" असलेल्या गृहस्थांबद्दल मी लांबण लावणार नाही. नंबरानं चालणारी यादी कुणाच्या ओळखीनं हलत नाही. ते पैशाचं बोलले असतील, किंवा पुढच्या भेटीत बोलणार असतील, तर बाबांना म्हणावं, त्या माणसाबरोबर चहासुद्धा घेऊ नका. असले लोक फार हुशार असतात. तुझा नंबर आपोआप लागला तर म्हणणार, मी लावला. नाही लागला तर म्हणणार, थोडक्यात हुकलं, पुढच्या वर्षी बघू. दोन्हीकडून त्यांचंच.

आता ड्रॉप. याला मी सरसकट नाही म्हणणारी बाई नाही. काही मुलं ड्रॉप घेतात आणि त्यांचं सोनं होतं. पण तू पहाटे चारच्या मनानं विचारते आहेस, आणि त्या वेळी माणूस काहीही ठरवतो. ४७ म्हणजे तू हजारो मुलांतून इंटरव्ह्यूपर्यंत गेलीस, तिथूनही यादीत आलीस. वरच्या मुलीत आणि तुझ्यात गुणांचं अंतर चिमूटभरच असेल. पुढच्या वर्षी ते चिमूटभर इकडे पडेल की तिकडे, याची खात्री देणारा क्लास भंवरकुआं-गीताभवनला शंभर पाट्या लावून बसलाय, त्याला विचारू नको. स्वतःला एकच विचार: तोच गणिताचा गठ्ठा, तेच इंग्रजीचे उतारे घेऊन अजून दहा महिने बसायला मला आवडेल का? निकाल बाजूला ठेवून, नुसतं बसायला? पोटातून हो आलं तर आधी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वयाची आणि बारावीच्या सालाची अट बघ, मग पुढचं. जरासुद्धा कसंतरी झालं तर विषय संपला. आणि एक सांगते, जे घरात बहुतेक कुणी बोललं नसेल. आयपीएमची मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी पीजीपीच्या, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या एमबीएच्या, मुलांबरोबरच शिकतात, आणि पीजीपीची मुलं पदवीनंतर कॅट देऊन येतात. म्हणजे त्याच टेकडीवर, त्याच वर्गांत जायचं दुसरं दार आहे, आणि ते तीन वर्षांनी आहे. आयआयपीएसला तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायची सोय कशी आहे, ते फी भरायला जाशील त्याच दिवशी खिडकीत विचार. खिडकीतली बाई वैतागलेली असेल, तरी विचार. आम्ही वैतागतो पण उत्तर देतो.

गंमत म्हणजे तीन वर्षांनी तुला ते दार हवंसं वाटेलच असं नाही. १९९६ साली आयआयएम इंदूरला आलं तेव्हा आम्हाला ते काय आहे हे समजायलाच दोन वर्षं गेली होती. २०११ मध्ये आयपीएम सुरू झालं, बारावीच्या पोरांना थेट आयआयएम, असा कोर्स देशात पहिलाच, तेव्हा आमच्या खिडकीत एक आई मला म्हणाली होती, "इतक्या लहान वयात कशाला हो मॅनेजर व्हायचं?" आता त्याच घरातली नात क्लासला असेल.

मैत्रिणीचं. म्यूट केलंस त्यात लाजण्यासारखं काही नाही, दुखऱ्या दातानं कुणी ऊस खात नाही. पण ती राऊला राहायला जायच्या आधी एकदा तिला भेट. घरी नको बोलावू, आया मध्ये येतात. छप्पन दुकानला जा, उभ्यानं काहीतरी खा, अर्ध्या तासात परत ये. सरळ तिला सांग की तुझं झालं त्याचा आनंद आहे आणि मला त्रासही होतोय. ती चांगली मुलगी असेल तर गप्प बसेल. "तुझंही होईल गं" असं म्हणाली तरी मनावर घेऊ नको. अठरा वर्षांच्या मुलीकडे त्याहून वेगळं वाक्य नसतं. माझ्याकडेही नाही, म्हणून मी फीचे नियम सांगत बसलेय.

राहिल्या आजी आणि आई.

आजीला रोज तोंड चुकवतेस ना? नको चुकवू. सोमवारी खंडवा रोडला जा, बाबांना बरोबर घे, फी भर, पावती घे. मंगळवारी आजीनं घंटा खाली ठेवून विचारलं, "लागला का गं नंबर?" तर म्हण, "लागला." खोटं नाही ते. कुठला, हे आजी विचारणार नाही. विचारलंच तर युनिव्हर्सिटीत, म्हण. अहिल्यादेवींच्या नावाची युनिव्हर्सिटी म्हटल्यावर आपल्या आज्यांना पुढे काही ऐकायचं नसतं.

आईचं जरा नाजूक आहे. तिनं काढलेला उलटा स्वस्तिक तुला ओझ्यासारखा वाटतोय, तसं तू लिहिलेलं नाहीस, पण पत्रात कळतं. काम झालं की जाऊन तो सुलटा काढायचा, ही खजराण्याची रीत. आणि नाही झालं तर तो तिथे भिंतीवर उलटाच, तुझ्यामुळे. तू आईला एकटीला गाठ, भाजी निवडत असेल तेव्हा, आणि विचार की गणपतीला तू नक्की काय सांगितलंस. "राऊला लागू दे" असं म्हणालीस, की "पोरीचं कुठेतरी नीट लागू दे" असं? मी आया पाहिल्यात. खिडकीबाहेर कॉलेजचं नाव घेऊन भांडतात, पण देवापुढे उभ्या राहिल्या की बहुतेकींच्या तोंडून दुसरंच वाक्य निघतं. तुझ्या आईचंही दुसरं निघालं असेल, तर स्वस्तिक सुलटा करायची वेळ झालेली आहे. दोघी मिळून जा. बुधवार सोडून जा, बुधवारी तिथे रांग फार असते.

काकू